साती आसरांच्या विहिरीत

मालवणच्या बाजूची बाई पोहायला शिकवायला धाराशिव जिल्ह्यात गेली होती, असं सांगितलं की आमच्याकडचे लोक आधी हसतात आणि मग विचारतात, तिथे पाणी आहे का? तिथल्या लोकांनी मला विचारलं होतं, तुमच्याकडं जमीन हाय का, का समदा समुद्रच? दोन्हीकडच्यांना मी एकच उत्तर दिलं. आहे, पुरेसं आहे, येऊन बघा.

माझी शाळा चौथीला सुटली. वाचायची गोडी राहिली ती माझी मीच ठेवली. पोहणं तर कुणी शिकवलंच नाही. घर खाडीच्या काठाला, भावांच्या मागून पाण्यात उतरले आणि तरंगले. पुढे वाडीतली पोरं शिकवली, मग पोरांची पोरं. माझ्या बहिणीची मुलगी वैशाली त्यातलीच एक. आता ती जळकोटच्या पुढे एका गावात शाळेवर शिक्षिका आहे. दसऱ्यानंतर तिचा फोन आला. म्हणाली, मावशी, इथे जागोजाग शेततळी झालीत, आत प्लास्टिक अंथरलेलं, पाय टाकला की घसरतो. मुलगे विहिरीत उड्या मारून शिकतात. मुलींना पाण्याजवळ जाऊ देत नाहीत, आणि जनावरं पाण्यावर न्यायला मात्र त्याच जातात. तू ये.

मुलगा म्हणाला, आई, या वयात? मी म्हटलं, वय माझ्या गुडघ्यांना झालंय, पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही. एका पिशवीत न सोललेले सुके नारळ घेतले, काथ्याने जोड्या बांधून. पोटाखाली जोडी घेतली की माणूस वर राहतो, आमच्याकडे सगळे त्यावरच शिकतात. दुसऱ्या पिशवीत लुगडी आणि डबाभर सुका जवळा. जवळ्याशिवाय मी लेकीच्या सासरीही राहिलेली नाही.

ठकूबाईंच्या घरी

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा मोठा रस्ता जळकोटवरून जातो. तिथे उतरून आत वळलं की काळी जमीन सुरू होते. आमच्याकडे नजर समोरच्या माडाला अडते. इथे नजर जाते ती जातेच, तुरीवरून, ज्वारीवरून, पार आभाळ टेकतं तिथपर्यंत. पहिले काही दिवस मला उघड्यावर बसल्यासारखंच वाटायचं.

वैशाली ज्या घरात भाड्याने राहते त्याची मालकीण ठकूबाई. माझ्याच वयाची, बारीक अंगाची, कुंकू रुपयाएवढं. मुलगा ट्रकवर, तो महिन्यातून कधीतरी घरी. सून रुक्मिण शेळ्या राखते आणि तिची पोर यंदाच पहिलीत गेलेली. मला सगळे मावशी म्हणू लागले आणि ठकूबाई मला अहो-जाहो करू लागली. आमच्याकडे बरोबरीच्या बाईला कुणी अहो म्हणत नाही. मला आधी वाटलं, ही रागावलीय.

मी ज्वारीची भाकरी थापायला बसले. तव्यावर पोचेपर्यंत तिचा नकाशा झाला.

ठकूबाई म्हणाली, "तुमच्याकडं भाकरी न्हाय व्हय?"

"आहे की. तांदळाची."

"मंग ती भाकरी कशानं? ती तर भाताची पोळी."

दुसऱ्या दिवशी मी जवळा भाजला. घर माळकऱ्यांचं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ठकूबाई नाकाला पदर लावून आली आणि सुनेला म्हणाली, कोपऱ्याकोपऱ्यानं बघ, घरात काय मेलंय का. मी म्हटलं, मेलंय, पण आमच्या गावी, मागच्या महिन्यात. ती हसली नाही.

शेवटी गोठ्यामागे तीन दगडांची माझी वेगळी चूल मांडून झाली. भांडं वेगळं, आणि खाऊन झालं की चूळ भरून, हातपाय धुऊन मगच उंबरा ओलांडायचा. हे सगळं मी पाळलं. परक्या घराची रीत पाळायला माझी ना नाही. जवळा मात्र सोडला नाही.

त्या चुलीवरच रुक्मिण माझ्याशी पहिल्यांदा मोकळं बोलली. वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायची, वास लागू नये म्हणून. मागच्या उन्हाळ्यात तिचं करडू शेततळ्यात पडलं होतं. कडेला यायचं, प्लास्टिकवर खूर घसरायचे, परत आत जायचं. आसपास हाक ऐकायला कुणी नव्हतं. "म्या काठावर बसून बघत ऱ्हायले," ती म्हणाली. "लई येळ लागला मावशी त्याला." मग राखेत काडीने उगाच रेघा ओढत म्हणाली, "आता माझी पोरगी येतीय माझ्यासंगं शेळ्यामागं."

मी तिला म्हटलं, तू शिकल्याशिवाय मी इथून हलत नाही. बोलून गेले आणि मग लक्षात आलं, पाणी अजून मी बघितलंसुद्धा नव्हतं.

विहिरीवर

तिकडे विहिरीला हीर म्हणतात. गावाजवळ पायऱ्यांची जुनी दगडी हीर आहे, ठकूबाईच्या दिराची. त्याला सगळे तात्या म्हणतात. पाऊस बरा झाला होता, पाणी वरच्या पायऱ्यांना लागलेलं. पोरगे वरून सुरकांड्या मारत होते आणि बायका घागरी घेऊन त्यांचं आटपायची वाट बघत उभ्या. वैशालीने चार बायका आणि शाळेतल्या मुली जमवल्या होत्या. ठकूबाई बघायला म्हणून आलेली.

शिकवणाऱ्याने आधी धरायची जागा बघावी. मी विचारलं, आत भिंतीला काही आहे का गे, हाताला? एक बाई म्हणाली, "आसरा हायत की. सातीच्या साती."

मला फार बरं वाटलं. आमच्याकडे आसरा म्हणजे आधार, टेकायची जागा. एवढ्याशा विहिरीत सात ठिकाणी आधार म्हणजे बांधणाऱ्याने काय विचार केला असेल. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मग भ्यायचं कशाला? एकेकीने एकेक आसरा धरायचा. दमलात की त्याच्यावर पाय देऊन सरळ उभं राहायचं."

एकीने स्वतःच्या दोन्ही गालांवर मारून घेतलं. ठकूबाईने घागर उचलली, पाणी न भरताच काखेला लावली आणि चालू पडली. वैशालीने माझा दंड धरून बाजूला नेलं आणि सांगितलं. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. त्या या विहिरीत राहतात. पायऱ्यांवरच्या देवळीत शेंदूर लावलेले सात दगड होते, ते मी दिव्याची जागा समजले होते. मी त्या सातजणींवर पाय देऊन उभं राहायला सांगितलं होतं.

आमच्या पाण्यात गिरा असतो. तो पाय ओढतो म्हणतात, त्याला सगळे भितात, पण त्याची ओटी कुणी भरत नाही. त्यामुळे पाण्यात कुणी पूजेचं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी तात्या आला आणि ओट्यावर बसला. मी समोर उभी असताना माझ्याबद्दल ठकूबाईशी बोलू लागला.

"वैनी, पावनीला सांगा. बाई हिरीत उतरली की पानी आटतंय. वाडवडलांपासनं हाय हे."

मी दारातून म्हटलं, "तात्या, आमच्याकडे बायका रोज समुद्रात उतरतात. तो अजून आटलेला नाही."

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "खारट हाय त्यो. त्येला कोन इचारतंय?"

उत्तर चांगलं होतं, नाकारणार नाही. मी विचारलं, पोरगे उड्या मारतात त्याने कसं आटत नाही. तो म्हणाला, ती गडीमाणसं. आणि उठून जाताना ठकूबाईला सांगून गेला, पावणी राहायची तेवढं राहू द्या, पण हीर माझी आहे.

वैशाली रडवेली झाली. मावशी, तू चार दिवसांनी जाशील, मला इथे राहायचंय, म्हणाली. त्यात काही खोटं नव्हतं. मी रात्रभर नाही, पण बराच वेळ विचार केला. चूक माझी झाली होती ती आसरांकडे. तात्याकडे माझी काहीही चूक झालेली नव्हती. तेव्हा माफी मागायची ती आसरांची, तात्याची नाही. आणि कोरडे नारळ घेऊन मी परत जाणार नव्हते.

सकाळी ठकूबाई पीठ मळत होती. माझ्याशी बोलणं बंद. मी शेजारी बसून विचारलं, आसरांची माफी कशी मागतात? तिने पीठ दोनदा मळलं, मग खाली बघूनच सांगितलं. दहीभात, हिरव्या बांगड्या, ओटी.

भात मी केला. त्या घरात माझ्या हातच्या एकाच पदार्थाला नाव ठेवलं गेलं नाही, तो हा. ठकूबाईने शीत बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाली, भात येतोय तुमाला.

दुपारी गडीमाणसं रानात होती तेव्हा आम्ही दोघी देवळीपुढे बसलो, मागे रुक्मिण. मी मालवणीत बोलले, देवापुढे मला तेच येतं. सांगितलं, बायांनो, परकी आहे, शब्द कळला नाही, पोटात घाला. मग म्हटलं, आणखी एक विचारायचंय. या पोरींना पाण्यात आणू का?

ठकूबाई दचकली नाही. मी तिला विचारलं, आता उत्तर कसं कळायचं?

"मला कळतंय. लगीन हून आल्यापासनं ह्यांची ओटी म्या भरतेय. तात्यानं एकदा तरी भरलीय का?"

ती पाण्याकडे बघत बसली. मग ठकूबाई पदर सावरत म्हणाली, "त्याबी बायाच हायत. पान्यातच ऱ्हात्यात. त्यांनी कुटं आटीवलंय पानी? उतरा."

मी लुगडं खोचून उतरले. थंडीच्या दिवसांत विहिरीचं पाणी कोमट असतं, हे मला नवीन होतं, आमची खाडी तेव्हा बोचते. मी उताणी झाले, हात पसरले आणि मेल्यासारखी पडून राहिले. वर ठकूबाई ओरडली, "म्हातारी गेली गं." मी एक डोळा उघडून हात हलवला तेव्हा मला त्या घरातली पहिली शिवी मिळाली. त्यानंतर तिचं अहो-जाहो संपलं, आणि मला घरच्यासारखं वाटायला लागलं.

रुक्मिण काय म्हणाली

नारळांवरूनही एक वाद झालाच. नारळ कंबरेला बांधतात का, नारळ ओटीत घ्यायचा असतो, असं बायकांचं म्हणणं. मी म्हटलं, पोटाखालीच घ्यायचाय, म्हणजे ओटीतच झाला. ते पटलं. पंजाबी ड्रेस घालून मुली आणि साडीचा काष्टा मारून बायका, अशी माझी शाळा दुपारची भरू लागली. पोरगे वरून 'बेडूक आजी' म्हणून ओरडायचे. मी त्यांना सांगितलं, बेडूक बुडून मेलेला कुणी बघितलाय का?

आता खरी गंमत, आणि तेव्हा ती गंमत नव्हती. रुक्मिण नारळांवर छान तरंगू लागली तसे एक दिवस मी ते काढून घेतले. ती दोन हात मारून मधे गेली आणि म्हणाली, "मावशी, बुडायलीय."

मी वाट बघत राहिले. बुडायला काय? बुडायला भीती वाटते? बुडायला नको? आमच्याकडे असं अर्धं बोलून कुणी थांबत नाही. ती परत म्हणाली, या वेळी पाणी तोंडात घेऊन, "बुडायलीय मावशी." वैशाली पायरीवरून किंचाळली, मावशी, ती बुडतेय. तेव्हा मी झेप घेऊन तिची वेणी धरली.

पायरीवर बसून खोकून झाल्यावर रुक्मिण म्हणाली, "दोनदा सांगितलं की."

तिकडे जेवतेय याला जेवायलीय म्हणतात. येतेय याला यायलीय. मी गावात इतके दिवस राहून 'काय करायलीस' ऐकत होते आणि प्रत्येक वेळी पुढचा शब्द येईल म्हणून मान पुढे करत होते. त्या दिवशी मी बायकांना हात मारायला शिकवलं नाही. त्यांनी मला शिकवलं. करायलीय, चालायलीय, रडायलीय. माझ्या तोंडून ऐकून त्या पोट धरधरून हसल्या.

तात्याला हे कळलंच. त्याने भांडण केलं नाही, मोटार लावली. लाईट असेल तेवढा वेळ पाणी उपसून तुरीला सोडायचा, गरज असो नसो. पाणी खाली जाऊ लागलं. बाईच्या पायाने आटलं असं म्हणायला आता त्याला आटलेली विहीरच हवी होती. मुली माझ्याकडे बघू लागल्या, आता काय? मी म्हटलं, बरं झालं, खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या. बारक्या पोरींना उभं राहायला जागा झाली, त्यांना उद्यापासून आणा. दुसऱ्या दिवशी रुक्मिणीची पोरही पाण्यात होती. तात्याने आणखी काही दिवस मोटार चालवली, मग तूर पिवळी पडायला लागली तेव्हा बंद केली. झरे जिवंत होते. पाणी परत वर आलं.

ठकूबाई पाण्यात कधीच उतरली नाही. रोज वरच्या पायरीवर बसायची आणि तात्याचं माणूस दिसलं की मोठ्याने म्हणायची, ज्याला काय बोलायचं त्यानं आसरांशी बोलावं.

येळवस

पौषाच्या तोंडावर अमावास्येला तिकडे येळवस असते. सगळं गाव घराला कडी घालून शेतात. कडब्याची खोप करून आत पूजा मांडतात, आणि रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी बोलावणं नाकारायचं नसतं आणि बोलवायचं टाळायचंही नसतं. आम्ही पाहुण्याला चहा देतो आणि जेवायचं विचारतो. हे विचारत नाहीत, हाताला धरून बसवतात. आम्ही यांच्याकडून घ्यावं असं हे आहे.

भज्जी म्हणजे तळलेली भजी समजून मी कढई शोधत होते. ती निघाली सगळ्या शेंगा, पाला आणि चिंच घालून केलेली दाट भाजी, बाजरीच्या उंड्यांबरोबर, म्हणजे वाफवलेल्या गोळ्यांबरोबर खायची. आणि मडक्यातलं आंबील, ताकातलं, लसूण घातलेलं. आमच्या सोलकढीची सावत्र बहीणच. मी तीन पेले घेतले. चौथ्याला ठकूबाईने हात धरला.

तात्याचं शेत लागूनच. त्याला हाक मारणं भाग होतं आणि त्याला येणं. जेवताना तो मोठ्याने म्हणाला, हिरीत पायऱ्या धरून कुणीबी पवतंय. तळ्यात दावा म्हणावं.

शेततळं खोपीपासून जवळच होतं, करडू गेलं तेच. मी रुक्मिणीकडे बघितलं नाही. तिने ठरवावं. ती उठली, हात धुतले, काष्टा मारला. मी आधी दोर मागितला. दोर आरपार ताणून दोन्हीकडे खुंट्यांना बांधला, मी पोटाला नारळ लावून काठावर पाण्यात पाय सोडून तयार बसले, आणि मगच तिला जा म्हटलं. हिंमत दाखवायची असली तरी दोर लागतो, हे मी तात्यासमोर दोनदा सांगितलं.

ती प्लास्टिकवरून बसून घसरत आत गेली. मधे पोचली तेव्हा हात थांबले आणि डोकं खाली गेलं. ठकूबाई आसरांना एकेकीला नावाने हाका मारत होती. मी ओरडले, "रुक्मिणी, काय करायलीस?"

डोकं वर आलं. तोंडातलं पाणी थुंकून ती म्हणाली, "पवायलीय की."

पलीकडे जाऊन तिने दोर धरला, वर आली, आणि ओल्या साडीने शेत ओलांडून परत पंगतीत बसली. तिची पोर तिच्या मांडीत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ठकूबाईने सुनेच्या हातात आंबिलाचा पेला दिला, तात्याच्या आधी. तात्या म्हणाला, आता शेळ्याबी पवायला शिकवा. आणि उंडा मागून घेतला. तो बदलला वगैरे नाही. पण मोटार त्याने परत लावली नाही.

मी निघाले तेव्हा नारळाच्या जोड्या तिथेच ठेवल्या. ठकूबाईने त्या देवळीशेजारी खुंटीला टांगल्या. माझ्या रिकाम्या डब्यात तिने ज्वारीच्या कडक भाकरी भरल्या आणि म्हणाली, तुझ्या त्या मेलेल्यासंगं खा. घरी परत आल्यावर मी जवळ्याबरोबर खाल्ल्या. चांगल्या लागतात.

मुलगा मला म्हणतो, तिकडे जाऊन तू बदललीस, बोलतेस कशी बघ. असेन. माझे दोन शब्द बदलले आणि माझा एक हट्ट तसाच राहिला, माझ्या वयाला एवढं पुरे.

परवा दुपारी रुक्मिणीला फोन लावला. मागे पाण्याचा आवाज, पोरींचा कालवा, आणि ठकूबाई कुणालातरी झापत होती. मी विचारलं, काय करायलीस गे?

"शिकवायलीय," ती म्हणाली.

मी पुढच्या शब्दाची वाट बघितली नाही.